ऐंशी पानांचं सांबार

भार्गवीनं आपला साठावा वाढदिवस पेज आणि भाजलेला पापड एवढ्यावर उरकायचं ठरवलं होतं. मल्याळी पंचांगातल्या वृश्चिक महिन्यात तिचं जन्मनक्षत्र अनुराधा येतं त्या सकाळी होडीनं कालव्यापलीकडे भगवतीच्या देवळात जायचं, आपल्या नावानं फुलांची पूजा सांगायची, कपाळाला चंदनाचं बोट लावून परत यायचं आणि पेज पिऊन दिवाकरनची वाट बघायची. दिवाकरन देवळाच्या कमिटीचा सेक्रेटरी. कुंभ महिन्यात दहा दिवसांचा उत्सव असतो, त्याच्या पंगतींचा विडा घेऊन तो आज दुपारी येणार होता. पान, सुपारी आणि वर एक नाणं. ते दोन्ही हातांनी घेतलं की स्वैपाकाचं काम ठरलं. आधी अकरा वर्षं तो विडा भार्गवीच्या नवऱ्यानं, कुट्टप्पननं घेतला. तो गेल्यावर अकरा वर्षं तिनं घेतला. यंदा मात्र ती हात मागे घेणार होती. गुडघ्यांचं निमित्त सांगणार होती. गुडघे तिचे ठणठणीत होते.

खरं कारण चार महिने तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कर्कटक महिन्यातल्या पावसात तिला ताप आला, आठ दिवसांत उतरला आणि जाताना तिचं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. पहिल्या दिवशी तिला वाटलं, खोबरेल तेल शिळं झालंय, म्हणून वास नाही. मग तिनं रॉकेलचा डबा उघडून नाकाशी धरला. त्याचाही वास आला नाही, तेव्हा तिला कळलं. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, येईल परत, नाहीही येणार. तेवढ्या ज्ञानाचे त्यानं दोनशे रुपये घेतले.

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर फार बिघडलं नसतं. या गावात निम्म्या लोकांना नाक फक्त मुरडायला लागतं. पण भार्गवी पंगतीची मुख्य आचारीण. देवळाच्या पंगतीत समईपुढे गणपतीचं पान वाढून होईपर्यंत कुणी कशाला जीभ लावत नाही. अंदाज घ्यायचा तो वाफेवरून. मिठाला वास नसतो असं म्हणणाऱ्या माणसानं उकळत्या सांबाराच्या वाफेत कधी तोंड घातलेलं नसतं. शिवाय तिच्या स्वैपाकाच्या टोळीत कुट्टप्पनच्या वेळेपासून एक नियम होता. चिरणारे हात कितीही असोत, ढवळणारे कितीही असोत, मीठ एकाच हातचं. तो हात आधी कुट्टप्पनचा, मग भार्गवीचा. बाकीच्या तिघी बावीस वर्षांत मिठाच्या मडक्याकडे फिरकल्या नव्हत्या.

होडी धक्क्याला लागली आणि भार्गवीला आपल्या घराच्या छपरातून धूर निघताना दिसला.

ओसरीवर केळीच्या पानांचा भारा पडला होता. आत खोबरं खवल्याचा आवाज येत होता, आणि त्याहून मोठा कार्त्यायनीचा.

"आली बघा उत्सवमूर्ती," कार्त्यायनी दारात येऊन म्हणाली. ती भार्गवीच्याच वयाची, टोळीतली भाजी चिरणारी, अंगानं भक्कम आणि जिभेनं त्याहून भक्कम. "बाई, तुझं अनुराधा नक्षत्र आम्हाला कळणार नाही असं वाटलं होतं का? तो देवळातला पावतीवाला गेल्या वर्षी तुझं नाव-नक्षत्र असं ओरडला की कालव्यातले मासे वर आले. ओमना तुझ्या मागेच उभी होती."

"मी लिहून ठेवलं होतं, चेच्ची," आतून ओमना म्हणाली. ती सगळ्यांत धाकटी, बेचाळिशीची, म्हणून भार्गवीला चेच्ची, म्हणजे ताई, म्हणायची. वीस वर्षांची असताना भांडी घासायला आली होती आणि आता पंगतीची खीर, पायसम, तिच्याशिवाय होत नसे.

"साठ वर्षं म्हणजे काय खेळ आहे," तिसरी, शांतम्मा म्हणाली. ती बोलायची कमी आणि रडायची जास्त. आत्ताही तिचे डोळे पाणावले होते, पण समोर कांदे होते, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

भार्गवी आत जायला लागली तशी कार्त्यायनीनं दाराच्या चौकटीत हात आडवा लावला. "तू बाहेर. ज्याचा वाढदिवस त्यानं चुलीपाशी जायचं नाही."

"हा कुठला नियम?"

"माझा. आज सकाळपासूनचा."

मग काय करणार. भार्गवी ओसरीवर बसली. या तिघींच्या हातचं जेवायचं म्हणजे तोंड भरून चांगलं म्हणायचं, आणि चांगलं म्हणायला आधी कळायला हवं. पण बसल्या बसल्या ती ऐकायला लागली. चार महिने ती असंच तर निभावत आली होती. मोहरी तडतडायची थांबते तो क्षण, कढीपत्ता तेलात पडल्यावर आधी ओरडतो आणि मग कुजबुजतो ते, डाळीचे बारीक बुडबुडे जाड होतात ते. वाफ गालावर कशी बसते तेसुद्धा ती शिकली होती. आणि पंगत बसली की खांबाआड उभी राहून ती जेवणाऱ्यांची तोंडं वाचायची. कोण दुसऱ्यांदा मागतो, कोण मध्येच पापडाकडे वळतो, कोण पाणी पितो. तूळ महिन्यात एका लग्नात एक म्हातारा लागोपाठ दोन भांडी पाणी प्यायला. त्याला मुळात तहान लागली असेल, पण भार्गवी त्या दिवसापासून खचली. तेव्हाच तिनं ठरवलं की साठी झाली की पुरे. लोकांनी तोंड वाकडं करण्याआधी आपणच उठावं.

आत कार्त्यायनीची सुरी चालली होती. भोपळ्याच्या फोडी ती बोलता बोलता चिरते आणि फोड फोडीला जुळते, हे भार्गवीनं बावीस वर्षं पाहिलं होतं आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं. शांतम्मा खोबरं वाटते तेव्हा पाट्यावरचा आवाज एकदाही तुटत नाही. ओमना गूळ वितळवताना गाणं म्हणते, आणि गाणं थांबलं की समजावं, आता पाक झाला. या बायांच्या जिवावर आपण मुख्य झालो, असं तिला त्या ओसरीवर बसून अगदी स्वच्छ वाटलं. आणि यांनाच फसवतोय, असंही.

"चेच्ची, सांबाराचा वास कसा सुटलाय?" ओमनानं आतून विचारलं.

"छान सुटलाय," भार्गवी म्हणाली, आणि कालव्याकडे बघत बसली.

बाराच्या सुमाराला समई लागली. तिच्यापुढे आधी गणपतीचं छोटं पान वाढलं गेलं. मग शेजारी भार्गवीचं, अग्र डावीकडे करून. लोणचं, केळ्याचे काप, आल्याची चटणी, भाज्या-खोबऱ्याचं अवियल, भात, त्यावर सांबार. बावीस वर्षं ती असल्या पानांच्या रांगांमधून वाकून फिरली होती; पानापुढे मांडी घालून बसलेली तिला तिचीच ओळख पटेना. तिघी समोर उभ्या राहिल्या, हात पदराला पुसत. साठीच्या माणसानं पहिला घास घेतल्याशिवाय त्या बसणार नव्हत्या.

भार्गवीनं भात कालवला. घास तोंडात घातला. उष्ण आणि मऊ, एवढंच कळलं. तिनं डोळे मिटले, जसे पूर्वी मिटायची तसे, आणि मान डोलावली. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग बोटं चाटून म्हणाली, "सांबार फक्कड झालंय. मीठ तर इतकं नेमकं पडलंय. कुणी घातलं?"

"मी," कार्त्यायनी म्हणाली.

"मी घातलं की," ओमना म्हणाली.

शांतम्मानं दोघींकडे बघितलं. "अहो, मी घातलं."

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. प्रत्येकीच्या मनात सकाळी तेच आलं होतं, की आज मिठाचा हात बाहेर बसलाय, बाकीच्या दोघींना सवय नाही, त्या विसरतील. म्हणून प्रत्येकीनं दुसऱ्यांची पाठ वळल्यावर मडक्यात हात घातला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तिघींनी एकदमच.

कार्त्यायनी आत गेली. पळीभर सांबार वाटीत घेऊन बोट बुडवून चाटलं, आणि परसात जाऊन थुंकल्याचा आवाज आला. ती परत आली. तिनं भार्गवीच्या पानाकडे बघितलं. निम्मा भात संपला होता.

"हे तू गिळलंस," ती म्हणाली. "आणि वर नेमकं म्हणालीस."

"तुम्ही इतक्या प्रेमानं केलंत, म्हणून..."

"भार्गवी. माझ्याशी नाही. टोळीत येण्याआधी माझ्या आजीच्या तेराव्याला मी केलेल्या अवियलमध्ये मीठ चिमूटभर कमी पडलं होतं, तर तू भर पंगतीत मला कोपऱ्यात घेतलं होतंस. तू प्रेमानं खारट खाणारी बाई नाहीस."

समईच्या वाती सरळ उभ्या होत्या. भार्गवीनं हात पानावरून उचलला आणि सगळं सांगून टाकलं. ताप, रॉकेलचा डबा, डॉक्टर, पाणी पिणारा म्हातारा. दिवाकरनला आज नाही म्हणणार आहे, हेही. "तुम्हाला सांगायचं धैर्य झालं नाही. मीठ ज्या हाताचं, त्या हातालाच कळत नाही असं कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही तिघी माझ्यावर भरवसा टाकून चुलीपाशी उभ्या राहता."

शांतम्मा रडायला लागली. या वेळी समोर कांदे नव्हते. कार्त्यायनी मात्र चिडली होती. "चार महिने," ती म्हणाली. "चार महिने एकटी पोटात ठेवून बसलीस. आम्ही काय रस्त्यावरच्या होतो?"

"कार्त्यायनी, ऐक..."

"तू ऐक. कर्कटकापासून पंगती किती झाल्या आपल्या?"

ओमनानं बोटांवर मोजलं. तिला सगळं लक्षात राहतं. ओणमच्या चार, लग्नं अकरा, एक साठी, बारशी सहा, देवळातल्या नऊ. "एकतीस," ती म्हणाली. आणि मग तिचा आवाज बदलला. "चेच्ची, एकतीस पंगती तू नाक आणि जीभ नसताना मीठ घातलंस? एकदासुद्धा कुणी काही बोललं नाही. परवाच्या लग्नात तर नवरदेवाचा मामा आत येऊन नमस्कार करून गेला."

"नशीब होतं."

"एकतीस वेळा नशीब नसतं," कार्त्यायनी म्हणाली. तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. ती भार्गवीकडे अशी बघत होती की जणू गर्दीत कुणी मोठं माणूस दिसलंय आणि पुढे होऊन बोलावं की नाही ते कळत नाहीये. "आम्ही तिघी डोळे, नाक, जीभ सगळं घेऊन उभ्या होतो, आणि एका भांड्याची वाट लावली."

भांड्याचा विषय निघाला तशी भार्गवी उठली. तिच्यातली आचारीण बाकी काही सहन करेल, चुलीवर बिघडलेलं भांडं सहन करणार नाही. तिनं कार्त्यायनीचा नियम मोडला आणि सरळ आत गेली. चुलीवर मोठं पितळी भांडं होतं. या बायांना पंचविसाच्या खाली काही शिजवता येत नाही. त्यांच्या मते हे "थोडंसंच" होतं, म्हणजे पंचवीस पानांचं.

"कुणी किती घातलं?"

"एक मूठ," कार्त्यायनी म्हणाली.

"तुझी मूठ दाखव."

कार्त्यायनीनं मूठ वळली. भार्गवीनं ती आपल्या दोन्ही तळव्यांत धरून बघितली. "ही माझी दीड झाली. रास होती का सपाट?"

"रास."

"मग पावणेदोन. ओमना?"

ओमनानं एकदा अर्धी घातली होती, मग भीती वाटून आणखी अर्धी. तिचीही मूठ धरून पाहिली गेली. शांतम्मानं करवंटीची पळी भरून घातलं होतं. पळी आणायला लावली. भार्गवी काहीतरी पुटपुटली, ओठ हलले, मग म्हणाली, "माझ्या चार मुठी. चार मुठी मीठ ऐंशी पानांना लागतं. सांबार पंचवीस पानांचं आहे. उरलेल्या पंचावन्न पानांचं करायला घ्या, बिनमिठाचं, आणि यात मिसळा. मागच्या खोलीत तुरीच्या डाळीचं पोतं आहे. कार्त्यायनी, भोपळा संपला असेल तर परसातला पांढरा कोहळा काढ. शांतम्मा, खोबरं धणे खरपूस भाज. आवाज ऐकून मी सांगते कधी उतरवायचं ते. ओमना, दुसरी चूल पेटव."

"आणि ऐंशी पानं जेवणार कोण?" ओमनानं विचारलं.

कार्त्यायनीनं कमरेला पदर खोचला, धक्क्यावर जाऊन उभी राहिली आणि पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशी हाक दिली. "आज भार्गवीची साठी आहे. सांबार इथे आहे. ज्यानं त्यानं आपापला भात घेऊन यायचं. उशीर करेल त्याला मिळणार नाही." देवळातला पावतीवाला तिथे असता तर त्यानं कान धरले असते.

दीड तासात दोन्ही काठांवरून होड्या आल्या. कुणी भाताचं पातेलं डोक्यावर घेऊन आलं, कुणी पापड तळून आणले, मासे विकणाऱ्या म्हातारीनं आज धंदा बंद ठेवून कच्ची केळी आणली. ओसरी भरली, अंगण भरलं, मग पानं कालव्याच्या काठावर नारळीखाली मांडली गेली. आत भार्गवी दोन चुलींच्या मध्ये उभी होती. भाजणीचा आवाज बदलला तसं तिनं बोट वर केलं आणि शांतम्मानं कढई उतरवली. दोन भांडी एकमेकांत ओतली गेली. भार्गवी बुडबुड्यांकडे बघत राहिली, गालावर वाफ घेतली, मग पळी कार्त्यायनीच्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्यानं बघवेना.

गणपतीचं पान केव्हाच झालं होतं, त्यामुळे चाखायला हरकत नव्हती. कार्त्यायनीनं चाखलं. ओमनानं चाखलं. शांतम्मानं दोनदा चाखलं.

"सांगा की," भार्गवी भिंतीला म्हणाली.

"कुट्टप्पनच्या हातचं आहे," कार्त्यायनी म्हणाली. एवढं बोलून ती भांडं उचलून बाहेर गेली, कारण आणखी बोलली असती तर शांतम्मासारखी गत झाली असती.

दिवाकरन आला तेव्हा दुसरी पंगत बसत होती. पांढरं मुंडू नेसलेलं, काखेत वही, हातात पानात गुंडाळलेला विडा. साधी भेट म्हणून आलेला माणूस एवढी गर्दी बघून गोंधळला, पण पान समोर आल्यावर गोंधळ आवरून बसला. दिवाकरन कडक माणूस. देवाच्या आधी कुणी चमचा जरी चाटला तरी दंड करणारा. त्यानं तीनदा सांबार घेतलं. हात धुऊन तो भार्गवीपुढे आला आणि विडा पुढे केला.

भार्गवीनं हात पुढे केले नाहीत. गुडघ्यांचं वाक्य चार दिवस पाठ करून ठेवलं होतं, पण आता ते तोंडातून निघेना. "दिवाकरन सर, मला वासही येत नाही आणि चवही कळत नाही. चार महिने झाले. तुम्हाला ठाऊक असायला हवं."

दिवाकरननं तिच्याकडे बघितलं, मग जेवून उठलेल्या पानांकडे. "हे सांबार कुणी केलं?"

"मीठ मी मोजलं. चाखलं यांनी."

"उत्सवात तर चाखायचंच नसतं," दिवाकरन जरा रागानंच म्हणाला, नियम कुणीतरी विसरतंय असं त्याला वाटलं. "भार्गवीअम्मा, त्या भांड्याला कुणाची जीभ लागू नये म्हणून मी दहा दिवस दारात उभा राहतो. तुमची जीभ मला कधीच नको होती."

"आणि नाक?"

"नाक माझं घ्या," ओमना म्हणाली. "मी भांड्यापाशी उभी राहीन आणि काय येतंय ते सांगत जाईन. मिठाला हात मात्र लावणार नाही. मेले तरी लावणार नाही."

"आम्हीही नाही," कार्त्यायनी आणि शांतम्मा एकदम म्हणाल्या. या बाबतीत आज तिघींचं पहिल्यांदा जुळलं.

भार्गवीनं दोन्ही हात पुढे केले. ओमनानं खालून आपले हात लावले. विडा घेतला गेला.

लोक पांगायला लागले तेव्हा चौघी ओसरीवर रांगेत बसल्या. भार्गवीचं सकाळचं पान तसंच अर्धवट राहिलं होतं. कार्त्यायनीनं ते उचलून नवं मांडलं. जेवण झालं, आणि शेवटी ओमनानं प्रत्येकीच्या पानावर गुळाचं पायसम वाढलं. भार्गवीनं बोटानं थोडं उचलून तोंडात घातलं. ऊन आणि चिकट. बाकी काही नाही. पण आता डोळे मिटून मान डोलवायची गरज नव्हती.

"ओमना," ती म्हणाली, "कसं झालंय ते सांग मला."

ओमनानं स्वतः एक घास घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला. "आधी गूळ येतो," ती हळूहळू सांगायला लागली. "जुना गूळ आहे, काळा, थोडा कडवटपणा आहे त्याला. मग नारळाचं दूध येतं आणि तो कडवटपणा पुसून टाकतं. वेलदोडा अगदी शेवटी, गिळताना. आणि तळाला जरा लागलंय, चेच्ची. मी गात होते, लक्ष नव्हतं. तुझी साठी म्हणून गात होते."

"लागलंय म्हणजे कडू?"

"नाही. भाजलेल्या शेंगदाण्यासारखं. तुला आवडायचं तसं."

भार्गवीनं दुसरा घास घेतला आणि ओमनाकडे बघितलं. ओमना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली. शेजारी शांतम्मा आपल्या पानावर डोळे पुसत होती आणि कार्त्यायनी तिला म्हणत होती, पायसमात पाडू नकोस बाई, आज मीठ पुरे झालं.